डबल क्लिक केल्यावर दार कोण उघडणार?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, ४ जीबी मेमरी लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे घरातला दहा-बारा वर्षांचा, पण हातपाय धड असलेला संगणक एकदम ‘जुना’ ठरला. भंगारवाला त्याचे काय देतो ते आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून अनेकांनी त्यावर लिनक्स घातले, तेही हलके. कोणी लुबुंटू, कोणी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. इथवर सगळे सोपे असते. घरातली भांडणे सुरू होतात ती त्यानंतर. फोटोवर डबल क्लिक केले तर ब्राउझर उघडतो, उताऱ्याच्या पीडीएफवर केले तर चित्र रंगवायचे सॉफ्टवेअर उघडते, आणि मुलाची कन्नड गृहपाठाची फाइल उघडली की नुसते चौकोन दिसतात. मग घरातून आवाज येतो, ‘आपला आधीचाच बरा होता!’

वाचकहो, यात लिनक्सचा दोष थोडा आणि आपण न केलेल्या निवडीचा जास्त. कोणत्या प्रकारची फाइल कोणी उघडायची हे आधी ठरवून ठेवावे लागते. त्या ठरलेल्या सॉफ्टवेअरला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. दारावर थाप पडली की कोणी उठायचे हे घरात ठरलेले असते, तसेच हे. ठरलेले नसेल तर सगळे उठतात किंवा कोणीच उठत नाही.

आधी ‘हलके’ म्हणजे काय ते पाहू. तैवानच्या हाँग जेन यी यांनी २००६ मध्ये एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप सुरू केला. त्यापूर्वी, १९९६ मध्ये, ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी एक्सएफसीई सुरू केला होता. पुढे एलएक्सडीईची मंडळी क्यूटी नावाच्या साधनसंचाकडे वळली, त्यातून एलएक्सक्यूटी आला आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून लुबुंटूने तोच स्वीकारला. हा इतिहास सांगायचे कारण असे की लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरची दोन मोठी घराणी आहेत, जीटीके आणि क्यूटी. एक्सएफसीई जीटीकेच्या घरातला, एलएक्सक्यूटी क्यूटीच्या. एका घराण्याच्या डेस्कटॉपवर दुसऱ्या घराण्याचे सॉफ्टवेअर चालते, अगदी व्यवस्थित चालते. पण ते येताना आपला सगळा स्वयंपाकघराचा पसारा बरोबर घेऊन येते. २ जीबीच्या संगणकावर दोन चुली पेटवणे परवडत नाही. म्हणून छोटी सॉफ्टवेअर्स निवडताना पहिला नियम: जो डेस्कटॉप, त्याच घराण्यातले. एक्सएफसीईवर मजकुरासाठी माऊसपॅड आणि फोटोंसाठी रिस्ट्रेटो. एलएक्सक्यूटीवर फेदरपॅड आणि एलएक्सइमेज. यांवर अधिक विचार करण्याची गरज नाही. जे आले आहे ते राहू द्या.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र हलकेपणाचा हट्ट धरू नये, असे माझे मत. अगदी छोटे ब्राउझर मिळतात, पण बँक, गॅसचे बुकिंग, शाळेची फी यांतले काहीतरी त्यांवर अडतेच. फायरफॉक्स ठेवा, तो मराठीतही मिळतो आणि कन्नडमध्येही. डेस्कटॉप स्वतः अर्धा-पाऊण जीबी मेमरी घेत असेल तर ब्राउझरचे चार टॅब उरलेली सगळी गिळतात. तेव्हा सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा टॅब बंद करायची सवय लावणे स्वस्त. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ हे आपल्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही.

आता खरा प्रश्न. लेखनासाठी काय ठेवायचे?

हलक्या डेस्कटॉपवर पूर्वी अ‍ॅबीवर्ड आणि हिशेबासाठी ग्नूमेरिक देत असत. दोन्ही चपळ. जुन्या संगणकावर अ‍ॅबीवर्ड लगेच उघडतो, तर लिब्रेऑफिस उघडेपर्यंत चहा ओतून होतो. तरीही दोन भाषांच्या घरासाठी मी लिब्रेऑफिसच सुचवीन. शाळेतून, सोसायटीतून, वकिलाकडून येणारी वर्डची फाइल अ‍ॅबीवर्डमध्ये बरेचदा विस्कटते, तक्ते सरकतात. आणि मराठी-कन्नड एकाच पानावर लिहायचे असेल तर भाषा, फाँट, शुद्धलेखन यांची जी व्यवस्था लागते ती लिब्रेऑफिसमध्ये आहे.

पण त्या व्यवस्थेत एक गोम आहे आणि ती नेमकी आपल्यासारख्यांच्या पायात येते. लिब्रेऑफिस जगातल्या भाषांचे तीन गट करते. पाश्चात्त्य, पूर्व आशियाई आणि तिसरा ‘जटिल मांडणीच्या’ भाषांचा, ज्याला तिथे सीटीएल म्हणतात. मराठी या तिसऱ्या गटात. कन्नडही त्याच गटात. आणि प्रत्येक गटाची डिफॉल्ट भाषा एकच ठेवता येते! इंग्रजी-मराठी घराला काही अडचण नाही, इंग्रजी-कन्नड घरालाही नाही. मराठी-कन्नड घराला मात्र विचारले जाते, ‘दोघांपैकी पहिली कोण?’ बऱ्याच ठिकाणी तर तिथे आधीपासून हिंदी बसलेली असते, म्हणजे दोघीही बाहेर.

हा नुसता नावाचा प्रश्न नाही. भाषा हिंदी राहिली तर काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. भाषा मराठी केली की तीच अक्षरे आपल्या वळणाची होतात. फाइल तीच, फाँट तोच. ज्यांनी मंडळाच्या अहवालात ‘ल’ वेगळा का दिसतो म्हणून छापखान्याशी वाद घातला असेल त्यांनी ही सेटिंग एकदा पाहावी. कन्नडचे दुखणे निराळे. गटाचा डिफॉल्ट फाँट देवनागरी असेल तर त्यात कन्नड अक्षरे नसतात. संगणक दुसरा कुठला तरी कन्नड फाँट उसना आणतो, आणि तोही नसला तर चौकोन. या चौकोनांना गमतीने ‘तोफू’ म्हणतात. गूगलच्या नोटो फाँटचे नाव त्यावरूनच पडले: ‘नो तोफू’. नोटोचे देवनागरी आणि कन्नड हे दोन्ही फाँट, किंवा लोहित मालिकेतले दोन्ही, पहिल्याच दिवशी घालून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

मग पहिली भाषा कोणती ठेवायची? माझा तोडगा असा. डिफॉल्ट भाषेच्या वादात पडू नका, दोन कोऱ्या नमुना-फाइली करा. एकीत मजकुराची भाषा मराठी आणि फाँट देवनागरी, दुसरीत भाषा कन्नड आणि फाँट कन्नड. दोन्ही ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करा आणि त्यांची चित्रे डेस्कटॉपवर शेजारी शेजारी ठेवा. पाचवीतली मुलगी कन्नड निबंध लिहायला बसली की एकीवर क्लिक करील, आजोबा मराठी पत्र लिहायला बसले की दुसरीवर. दोघांनाही सेटिंगमध्ये शिरावे लागणार नाही.

टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर घालण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण हलक्या संगणकावर ती फार उपयोगी आहे. मराठी आणि कन्नड कळफलकाच्या रचना लिनक्सच्या पोटातच असतात. कळफलकाच्या सेटिंगमध्ये त्या जोडल्या आणि बदलायची कळ ठरवली की झाले. पाठीमागे आणखी काही चालू ठेवावे लागत नाही. यातली सरकारी रचना इनस्क्रिप्ट. तिचे वैशिष्ट्य हे की भारतीय लिप्यांमध्ये एका उच्चाराची कळ एकच. इंग्रजी के, सी, एन या कळा दाबल्या की मराठीत ‘कमल’ उमटते. रचना बदलून कन्नड केली आणि त्याच तीन कळा दाबल्या की कन्नड लिपीतले ‘कमल’. बोटांना दुसरी भाषा नव्याने शिकावीच लागत नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ अधिक आहेत, त्यांच्या कळा तेवढ्या लक्षात ठेवायच्या.

ज्यांना इंग्रजी उच्चारावरून टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी ‘कगप’ रचना आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांनी कन्नडसाठी बसवलेल्या कळफलकाचे हे रूप कर्नाटकात नुडीमुळे घरोघरी गेले. गंमत म्हणजे लिनक्समध्ये या रचनेची मराठी आवृत्तीही आहे, ‘मराठी (कगप)’ याच नावाने. के, एम, एल दाबले की ‘कमल’. कन्नड शाळेत नुडीवर हात बसलेल्या मुलांना मराठी लिहायला लावायचे असेल तर यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. सीमाभागात मुलांचे मराठी बोलण्यापुरते उरते आणि लिहिणे सुटते, ही काळजी घरोघरी ऐकू येते. आजीला चार ओळींचे पत्र स्वतः टाइप करता आले तर लिहिणे थोडे तरी हातात राहते. म्हणून मुलांच्या खात्यात या दोन रचना आधीच जोडून ठेवाव्यात.

जुन्या फाइलींबाबत एक सावधगिरी. नुडी, श्रीलिपी, आयएसएम या जमान्यातला बराचसा मजकूर युनिकोडमध्ये नाही. तो विशिष्ट फाँट असेल तरच वाचता येतो. नाहीतर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. अशा वेळी फाइल बिघडली समजून पुसून टाकू नका. तो फाँट जुन्या संगणकावर असेल तर उचलून नव्या खात्याच्या फाँटच्या फोल्डरमध्ये ठेवा, मजकूर परत दिसू लागेल. लग्नपत्रिका, वंशावळी, देवस्थानचे हिशेब अशा फाइलींत अडकलेले असतात. सवड काढून ते युनिकोडमध्ये करून घ्यावेत. जुनी हार्ड डिस्क मात्र तोवर भंगारात देऊ नये.

पीडीएफ हा आपल्या घरांतला सगळ्यात महत्त्वाचा प्रकार. कर्नाटकाची पहाणी, पलीकडच्या शेताचा सातबारा, आधार, गुणपत्रिका, सगळे पीडीएफमध्येच येते. यासाठी अट्रिल किंवा मिंटमधला एक्सरीडर पुरेसा आहे. चटकन उघडतो, अक्षर मोठे करता येते. आधारची फाइल पासवर्ड मागते तेव्हा गोंधळू नये: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मसाल. पण कागदावरची डिजिटल सही खरी आहे का हे तपासायचे असेल तर ओक्युलर घालावा लागतो. तो क्यूटीच्या घराण्यातला आणि अंगाने जड. म्हणून तो असू द्यावा, पण डिफॉल्ट करू नये. गरज पडेल तेव्हा फाइलवर उजवे क्लिक करून ‘ओपन विथ’मधून बोलवावा. जड सॉफ्टवेअरची जागा हीच: घरात असावे, पण थाप पडल्यावर पहिल्यांदा उठू नये.

गाणी आणि चित्रपटांसाठी व्हीएलसी. जुन्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी कपाटात असतील तर त्यांतल्या फाइलीही तो चालवतो. एमपीव्ही त्याहून हलका, पण त्यात बटणे कमी आणि कळा जास्त. तो तरुण मंडळींना द्यावा.

एवढे ठरल्यावर ते संगणकाला सांगायचे कसे? एक्सएफसीईमध्ये सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्स’ असते. किंवा फाइलवर उजवे क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, तिथे ‘ओपन विथ’. एका पीडीएफला सांगितले की सगळ्या पीडीएफना लागू होते. ही नोंद प्रत्येक खात्यात ‘माइमअ‍ॅप्स.लिस्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत होते. नवे सॉफ्टवेअर घातले की कधी कधी ते पीडीएफ किंवा फोटो आपल्याकडे ओढून घेते. तेव्हा घाबरू नका, हीच पायरी पुन्हा करा.

नोंद खात्यागणिक असते, याचाच फायदा घ्यावा. घरात प्रत्येकाचे वेगळे खाते करा. आजोबांच्या खात्यात पडदा मराठीत, अक्षरे मोठी, डेस्कटॉपवर चारच चित्रे. सूनबाई धारवाडकडच्या असतील तर त्यांच्या खात्यात पडदा कन्नडमध्ये. काही शब्द इंग्रजी राहतीलच, भाषांतरे पूर्ण झालेली नाहीत. मुलांना काय हवे ते मुलांना विचारा. फक्त २ जीबीच्या संगणकावर एकाने उठताना ‘लॉग आउट’ करावे, नुसते खाते बदलू नये. दोघांचे ब्राउझर एकदम चालू राहिले तर संगणक बसकण मारतो.

आणि संगणक घरच्यांच्या हाती देण्यापूर्वी प्रत्येक खात्यात शिरून पाच फाइली डबल क्लिकने उघडून पाहा: एक फोटो, एक पहाणी, एक वर्डची फाइल, एक गाणे आणि एक कन्नड-मराठी मिश्र मजकूर. यात जे अडेल ते तिथेच दुरुस्त करा. सहावी परीक्षा प्रिंटरची. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात, तेव्हा तो विषय पुढच्या अंकात. तोवर आपल्या प्रिंटरचा मॉडेल क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा.