गोठवलेली कोंबडी आणि दिवेलागणीचा स्वयंपाक



सोयाबीनची काढणी, कांद्याची लागण, उसाची तोड असे कामाचे दिवस आले की घरातील बाई दिवसभर रानात राबते आणि दिवेलागणीला घरी येऊन पुन्हा चुलीपुढे उभी राहते. अशा दिवशी कुणी ‘आज रस्सा होऊ दे’ म्हटले, तर कोंबडी आणणे, कापणे, साफ करणे आणि मग वाटण वाटणे, एवढ्यात रात्रीचे नऊ वाजतात. म्हणून तालुक्याच्या गावी डीप फ्रीजरमध्ये मिळणारी, साफ करून तुकडे केलेली गोठवलेली कोंबडी आता वाड्यावस्त्यांवरही येऊ लागली आहे. गावोगावच्या बैठकांत भगिनी विचारतात, ‘साहेब, ही कोंबडी शिळी नाही का? ती टिकायला औषध घालतात का? लेकराबाळांना द्यावी का?’ या प्रश्नांचा आज विचार करू या.

थंडी काय करते?

साध्या गोठवलेल्या मांसाला टिकण्यासाठी औषध लागत नाही. ते काम थंडी करते. उणे १८ अंश सेल्सिअसला मांस नासवणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. वाढ थांबते असे मी म्हणतो, मरतात असे म्हणत नाही. कोठीतले कोरडे बियाणे जसे मेलेले नसते, ओल मिळताच उगवते, तसेच हे जंतू आहेत. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान त्यांना वाफसा मिळतो, आणि परिस्थिती मानवली तर काही जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. उन्हाळ्यातील आपले स्वयंपाकघर म्हणजे त्यांच्यासाठी तयार केलेला वाफाच!

तेव्हा हे पाकीट घेताना आपण कोंबडीबरोबर थंडीही विकत घेतो. कारखान्यापासून आपल्या पातेल्यापर्यंत ती थंडी टिकली, तर माल चांगला. वाटेत कुठे तुटली, तर तोच माल घरात उलट्या-जुलाब घेऊन येतो. कोंबड्यांना राणीखेतची लस टोचताना ती बर्फातून काढून उन्हात ठेवली तर वाया जाते, हे आपण जाणतो. इथेही तेच पथ्य आहे.

दुकानात काय पाहावे?

पाकीट दगडासारखे टणक असावे आणि आतले तुकडे हलवल्यावर शक्यतो सुटे वाजावेत. सगळे तुकडे वितळून पुन्हा एका ढेकळात गोठलेले असतील, पिशवीच्या तळाशी तांबूस बर्फ साचला असेल किंवा आत बर्फाचा जाड भुगा दिसत असेल, तर तो माल मध्येच कधी तरी वितळलेला आहे असे समजावे. काही दुकानदार वीज वाचवण्यासाठी रात्री फ्रीजर बंद करतात. अशा दुकानातून स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

पाकिटावर तपकिरी त्रिकोणाची खूण, अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक, तयार केल्याची व वापरण्याची तारीख आणि निव्वळ वजन पाहावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. नगेट, कटलेट यांसारख्या पीठ लावलेल्या प्रकारांत मांसाशिवाय पीठ, तेल आणि मीठ बरेच असते. ते कधी तरी खाण्याचे पदार्थ आहेत, रोजच्या जेवणाचे नव्हेत. ते वरून तळल्यासारखे दिसले तरी आतून कच्चे असू शकतात. म्हणून पाकिटावर सांगितल्याप्रमाणे शिजवूनच खावेत. आपल्या रश्श्याला हाडासकट केलेले साधे तुकडेच बरे.

दुकानापासून घरापर्यंत

बाजारातील इतर सर्व खरेदी आधी उरकावी, पाकीट शेवटी घ्यावे आणि वाटेत गप्पांना न थांबता घरी यावे. मोटारसायकलच्या डिकीत किंवा हँडलला पिशवी अडकवून मे महिन्यात तासभर प्रवास झाला, तर पाकीट सुटू लागते. थर्माकोलचा झाकणाचा डबा असल्यास उत्तम. नसल्यास वर्तमानपत्राच्या आठ-दहा घड्यांत गुंडाळून वर ओल्या नव्हे, कोरड्या गोणपाटात बांधावे. मात्र कोंबड्यांची लस आणण्याचा डबा खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नये.

वीज गेली तर?

गावठाणातील घरे आणि रानातील वस्ती यांत इथे फरक पडतो. ज्या वस्तीला शेतीपंपाच्या फिडरवरून वीज येते, तिथे फ्रीज दिवसातले कित्येक तास बंद असतो. अशा घरी हा माल साठवू नये. आणला त्या दिवशीच शिजवावा. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा छोटा कप्पाही बहुधा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही. पाकिटावर नऊ महिन्यांची मुदत छापलेली असली, तरी ती उणे १८ अंशांसाठी असते. आपल्या कप्प्यात आठवड्याच्या आत वापरून टाकावे.

आपण घरी नसताना वीज किती वेळ गेली हे कळण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. छोट्या वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी पाकिटाशेजारीच राहू द्यावी. नाणे वरच असेल तर ठीक. बर्फात बुडालेले दिसले, तर मध्ये बर्फ वितळला होता हे नक्की. मग पाकीट दाबून पाहावे. आत बर्फाचे कण असून ते थंडगार लागत असेल, तर त्याच दिवशी शिजवावे. मऊ व कोमट झाले असेल, तर वास आला नाही तरी टाकून द्यावे. रोग करणाऱ्या जंतूंचा वास येतोच असे नाही. पुरता वितळलेला कच्चा माल पुन्हा गोठवू नये.

वितळवणे आणि रस्सा

ओट्यावर किंवा उन्हात पाकीट ठेवून वितळवण्याची पद्धत घातक आहे. बाहेरचा भाग कोमट होऊन जंतू वाढतात आणि आतला गाभा बर्फच राहतो. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी पाकीट ताटलीत ठेवून फ्रीजच्या अगदी खालच्या फळीवर ठेवावे. दुसऱ्या दिवशी रानातून येईतो अर्ध्या किलोचे पाकीट तयार असते. विसरल्यास पाकीट न फोडता थंड पाण्यात बुडवून ठेवावे आणि अर्ध्या तासाने पाणी बदलावे. तासाभरात सुटते. गरम पाणी वापरू नये.

मांस नळाखाली धुण्याची आपली सवय आहे. पण त्यात तुषार उडून जंतू भांड्यांवर, कोथिंबिरीवर, भाकरीच्या परातीवर जातात. पाकिटातील तुकडे साफ केलेलेच असतात. ते थेट पातेल्यात टाकावेत, आणि विळी, सुरी व हात साबणाने धुवावेत.

चार माणसांसाठी अर्धा किलो तुकडे घ्या. भाजलेला कांदा-खोबऱ्याचे वाटण बाजाराच्या दिवशीच करून फ्रीजमध्ये झाकून ठेवले, तर निम्मे काम संपले. तीन चमचे तेलात एक चिरलेला कांदा परता, चमचाभर आले-लसूण, अर्धा चमचा हळद आणि मीठ घाला. त्यात तुकडे टाकून पाच मिनिटे परता. दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि चार चमचे वाटण घालून तेल सुटू द्या. मग तीन वाट्या कढत पाणी ओतून झाकण ठेवा व वीस-पंचवीस मिनिटे उकळू द्या. तेवढ्यात भाकरी होतात. मसाला लावलेले पाकीट असेल, तर त्यात मीठ आधीच असते. म्हणून चव पाहूनच मीठ घाला.

गोठवलेल्या कोवळ्या कोंबडीत हाडाजवळचे मांस पुरते शिजल्यावरही काळपट-तांबूस दिसते. हाडातील मगजाचा रंग बाहेर उतरल्याने तसे होते. त्याला घाबरू नये. सर्वांत जाड तुकडा मोडून पाहावा. मांस हाडापासून सहज सुटले आणि पाणी स्वच्छ निघाले की शिजले. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी खळखळून उकळूनच वाढावा.

परसातील कोंबड्या सांभाळा

दुकानातील मांसात कधी कधी राणीखेतसारख्या रोगाचे विषाणू असू शकतात, आणि गोठवल्याने ते मरत नाहीत. कच्च्या मांसाचे पाणी, कातडी किंवा तुकडे उकिरड्यावर टाकले आणि परसातील कोंबड्यांनी ते चोचले, तर पाच-पन्नास पक्ष्यांचा खुराडा रिकामा होऊ शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा किती संसार हादरले, हे अनेकांना आठवत असेल. म्हणून पिशवी, पाणी व खराब झालेला माल खड्डा करून पुरावा. ज्यांची ब्रॉयलरची शेड आहे, त्यांनी तर मांस हाताळल्यावर हातपाय धुऊन, कपडे-चपला बदलूनच शेडमध्ये जावे.

पैशाचा हिशेब

जिवंत कोंबडीच्या वजनापैकी साधारण ७० टक्के मांस हाती येते. समजा जिवंत कोंबडीचा दर किलोला १४० रुपये असेल, तर मांस २०० रुपये किलोने पडले. पाकिटाचा दर या २०० रुपयांशी ताडून पाहावा, १४०शी नव्हे. वरचे पैसे म्हणजे आपल्या वेळेची किंमत. काढणीच्या दिवसांत ती परवडते. एरवी गावात ताजी कोंबडी मिळत असताना पाकीट आणण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे वीज नीट असते, त्यांनी घरीच पाकिटे करावीत. बाजाराच्या दिवशी ताजी कोंबडी साफ करून तुकडे लगेच खालच्या कप्प्यात गार करावेत. मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पातळ, चपट्या पिशव्या भरून तारीख लिहावी आणि बर्फाच्या कप्प्यात एकावर एक न रचता ठेवाव्यात. चपटी पिशवी लवकर गोठते. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होऊन मांसाच्या पेशी फुटतात. कडाक्याच्या थंडीत दव गोठून द्राक्षाची पाने करपतात, तोच प्रकार. मग वितळताना रस गळतो आणि मांस चोथट लागते.

एवढे लक्षात ठेवा

१. सुटे, टणक तुकडे असलेलेच पाकीट घ्या.
२. शेवटी खरेदी करा, थेट घरी या.
३. वीज भरवशाची नसेल, तर साठवू नका.
४. फ्रीजमध्ये किंवा थंड पाण्यात वितळवा, पुन्हा गोठवू नका.
५. कच्चे मांस व त्याचे पाणी कोंबड्यांपासून दूर ठेवा.

आणि बंधूंनो, ही पथ्ये भगिनींवर सोपवून मोकळे होऊ नका. पाकीट बहुधा तालुक्याहून तुम्हीच आणता. थंडी तुटते ती वाटेतच, चहाच्या टपरीवर गाडी उभी असताना. आदल्या रात्री ते पाकीट खालच्या फळीवर ठेवण्याचे काम तर घरातील शाळकरी पोरही करू शकेल.