पाचट जाळून युरिया आणणारी शेती

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, करवीर तालुक्यांच्या शिवारांत रात्री ठिकठिकाणी जाळ दिसू लागतो. तोडणी झालेल्या फडातील पाचट पेटविलेले असते. हेक्टरी आठ-दहा टन निघणारे हे पाचट कुजले तर खत होते; जळले तर त्यातील नत्र धुराबरोबर निघून जाते. पुढे काही दिवसांतच खोडव्यासाठी युरियाच्या गोण्या बांधावर येतात. शेतकऱ्याला हे कळत नाही, असे शहरवासीयांनी समजू नये. त्याला ते पुरते कळते.

सेंद्रिय की रासायनिक, हा आपल्याकडे हिरिरीने घातला जाणारा वाद बराचसा निरर्थक आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात व चहाला त्याचा फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे केवळ शेणखतावर भागवायचे तर हेक्टरी ८० टन हवे, आणि त्यातलाही थोडाच भाग पहिल्या वर्षी पिकाला लागू पडणार. म्हशींच्या या जिल्ह्यातही एवढे शेण आणायचे कोठून?

उलट, नुसत्या गोणीवर विसंबलेल्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटत जातो. शिरोळ तालुक्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली, त्याचे मुख्य कारण बेसुमार पाणी आणि निचऱ्याचा अभाव हे खरे. परंतु उसामागून ऊस आणि खतांचा अतिरेक यांनी त्यात भरच घातली. नत्राच्या अतिरेकाने गुळाची प्रत बिघडते, हे गुऱ्हाळवाले सांगतातच.

दोन्ही खते एकमेकांवाचून कशी अपुरी आहेत, हे पाचटातच दिसते. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र तुटपुंजे असल्याने कुजविणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात. म्हणून पाचट सरीत आच्छादून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाकण्याची शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केली आहे. रासायनिक खत येथे सेंद्रिय खत घडवते. कोल्हापूरचे प्रयोगशील शेतकरी प्रताप चिपळूणकर तर मागील पिकाची मुळे व खोडकी जमिनीतच कुजविण्याचा पुरस्कार वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

परंतु खरी अडचण फेरपालटाची आहे. खोडवा, मग निडवा, मग पुन्हा लागण, या चक्रात ताग किंवा धैंचा गाडायला मोकळे रान सापडत नाही. खोडवा तुटल्यावर खरिपात सोयाबीन आणि ऑक्टोबरात पूर्वहंगामी ऊस, हा क्रम जमिनीला उत्तम मानवतो. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र पकडतात, पानगळ रानातच राहते आणि पुढच्या उसाचा रासायनिक हप्ता थोडा कमी करता येतो. मात्र २०२५-२६ साठी उसाला १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपयांची एफआरपी आहे आणि ती १४ दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन आहे. ते कितपत पाळले जाते, हा भाग वेगळा. त्याच वर्षी सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झाला, पण तो व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही. एका पिकामागे कायदा उभा आणि दुसऱ्यामागे घोषणा. शेतकरी कोणते निवडेल?

खत धोरणाचा कलही तोच. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदान आले आणि स्फुरद-पालाशाच्या किमती मोकळ्या झाल्या; युरिया मात्र बाहेर ठेवला गेला. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास, तर ५० किलोचे डीएपी १,३५० रुपयांना. मग हात युरियाकडेच जाणार. माती परीक्षणाच्या पत्रिका कपाटात राहतात, त्या यामुळेच.

सरकारचे धोरण बदलेपर्यंत साखर कारखान्यांना थांबण्याचे कारण नाही. प्रेसमड त्यांच्याच आवारात पडते आणि प्रत्येक प्लॉटची नोंद त्यांच्या शेती विभागाकडे असते. खोडव्यानंतर सोयाबीन वा ताग घेणाऱ्यांना प्रेसमडचे कंपोस्ट उधारीवर आणि तोडणीच्या क्रमपाळीत अग्रक्रम द्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोड टोळीची वाट पाहत चिटबॉयमागे फिरलेल्या कोणालाही विचारा. लवकर मिळालेली तोड त्याला कोणत्याही अनुदानापेक्षा मोलाची वाटते.