स्मृतिभ्रंश : घरच्या सेवेला हवी उपचाराची जोड

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख ज्येष्ठ स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते व तिचा भार प्रामुख्याने पत्नी, लेक वा सून वाहते. या भाराला वाटेकरी कोण, हा खरा प्रश्न आहे.

‘यांना काही आठवत नाही’ म्हणून आपण ज्येष्ठांच्या हातचे प्रत्येक काम काढून घेतो. प्रेमापोटी घडणारी ही गोष्ट त्यांची उरलेली क्षमताही हिरावून घेते. ऑक्युपेशनल थेरपी अर्थात व्यवसायोपचार येथेच उपयोगी पडतो. ती व्यक्ती पूर्वी काय करीत असे व आज काय करू शकते, हे तज्ज्ञ घरी येऊन पाहतात. कपडे घालण्याच्या क्रमाने मांडून ठेवणे, न्हाणीघराच्या दारावर चित्र लावणे, पायरीची कडा उठून दिसेल अशी रंगवणे, भाजी निवडण्यासारखे सवयीचे काम चालू ठेवणे, एका वेळी एकच सूचना देणे, अशा साध्या गोष्टी ते कुटुंबाला शिकवतात.

नेदरलँड्समधील २००६ च्या संशोधनात पाच आठवड्यांतील दहा भेटींनंतर रुग्णांची दैनंदिन कार्यक्षमता सुधारली व सेवा करणाऱ्यांना आपण हे निभावू शकतो असा विश्वास आला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत मात्र नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ दिसला नाही. तेव्हा हा उपचार म्हणजे चमत्कार नव्हे. परंतु तिकडची ‘नेहमीची सेवा’देखील आपल्याकडील बहुसंख्य घरांच्या वाट्याला येत नाही, हे विसरता कामा नये.

कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. आज तज्ज्ञ आहेत, पण ते घरापर्यंत पोहोचत नाहीत. आयुष्मान भारत योजना २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना खुली झाली. तथापि ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झालेल्यांचा खर्च उचलते. घरभेटीचा खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो. शासनाने हा विषय ऐरणीवर घ्यायलाच हवा.

तोवर धर्मग्रामांनी स्वस्थ बसू नये. आजाऱ्यांसाठी घरोघरी कम्युनियन नेणारे सेवक या घरांत जातातच. त्यांच्यासाठी तज्ज्ञांचे एक शिबिर भरवता येईल. रविवारी कोणी दोन तास ज्येष्ठांजवळ बसले, तर थकलेल्या सुनेला मिस्सेला जाता येईल. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, असे सिराकच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय आपणांस सांगतो. ही आज्ञा एकट्या सुनेसाठी नाही. ती आपणां सर्वांसाठी आहे.