ऑईल कुठून गळते ते आधी पाहा

नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबईकडे कांदा, द्राक्षे, भाजीपाला नेणाऱ्या गाड्यांत जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. बारा-पंधरा वर्षे चाललेली गाडी कोणीतरी विकतो आणि आपल्यातला एखादा ड्रायव्हर साठवलेली पुंजी घालून, वर हप्ते बांधून, मालक होतो. अशा घरात गाडीवरच पोरांची फी, म्हातारीचे औषध आणि रोजची भाकरी चालते. म्हणून सकाळी गाडीखाली काळे थेंब दिसले की सगळ्या घराचा जीव खालीवर होतो.

आम्ही पडलो कारकून. पाना धरणे हा आमचा धंदा नव्हे. पण वस्तीतल्या गाडीवाल्यांची बिले आणि हप्त्यांचे कागद आमच्यापुढे येतात, आणि द्वारका ते आडगाव नाका या पट्ट्यातल्या जाणत्या मिस्त्र्यांजवळ बसून आम्ही काही गोष्टी समजून घेतल्या आहेत. त्यांतली पहिली ही की, ऑईल जिथून टपकते तिथूनच ते गळत असेल असे नाही. ऑईल वरून खाली ओघळते आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जाते. दोष इंजिनच्या माथ्यावर असतो व थेंब पडतो पार मागे, तळाला.

एका गाडीवाल्याचे असेच झाले. बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकातून ऑईल टपकत होते. गॅरेजवाल्याने पाहताक्षणी सांगितले, "मागचे क्रँक सील गेले." गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, सील बदलले. गाडी दोन दिवस उभी राहिली, भाडे बुडाले. चौथ्या दिवशी पुन्हा थेंब! दुसऱ्या मिस्त्रीने बॅटरी मारून वर पाहिले, तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग मागच्या कोपऱ्यात फाटले होते. तिथून ऑईल इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली येत होते. काही रुपयांचे पॅकिंग, तासाभराचे काम. पण आधीचे बिल काही परत मिळाले नाही.

तेव्हा पैसे काढण्याआधी एवढे करावे. रात्री सपाट जागी गाडी लावून इंजिनखाली कोरा पुठ्ठा सरकवावा. सकाळी डाग कोणत्या भागाखाली पडला ते कळते. मग ते बोटावर घेऊन पाहावे. इंजिन ऑईल काळे व गुळगुळीत असते. गिअर ऑईल दाट असून त्याला उग्र वास येतो. बेल हाऊसिंगच्या भोकातून या दोहोंपैकी काहीही येऊ शकते, म्हणजे दोष क्रँक सीलचा किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. डिझेल पातळ असते, वासाने ओळखू येते. गेजच्या काठीवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले तर चेंबरमध्ये डिझेल उतरत असावे. दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये.

नंतर इंजिन थंड असताना धुवून घ्यावे. डायनामो, स्टार्टर आणि वायरिंग प्लास्टिकने झाकावे. सुकल्यावर संशयाच्या जागी घरातली साधी पावडर भुरभुरावी. वीस मिनिटे इंजिन चालवून बंद करावे आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पावडरीत ओली रेघ सर्वांत वर जिथे सुरू होते, तिथे दोष. टॅपेट कव्हर, ऑईल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, कॉम्प्रेसर, टायमिंग कव्हर, पुलीमागचे सील, चेंबरचे पॅकिंग, ड्रेन नट, या क्रमाने पाहावे. गाडीखाली शिरताना चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

सील बदलण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाईप चिखलाने बुजला असेल तर आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. पाईप साफ केला की कधी कधी गळती तिथेच थांबते. पाईप मोकळा असूनही ऑईल भरण्याचे झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल, तर ते बॅक कॉम्प्रेशन. रिंगा व बोअर झिजले. मग नवे सीलही फार दिवस टिकणार नाही. तो खर्च मोठा असतो. त्याची तयारी वेगळी करावी.

दुरुस्तीतही घाई बाधते. पॅकिंग बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ व कोरडे हवेत. जुन्या कव्हरचा पत्रा बोल्टांभोवती दबलेला असतो. तो ठोकून सपाट करावा. बोल्ट मधून सुरू करून आलटून-पालटून, सारखे आवळावेत. जास्त आवळल्याने पॅकिंग चिरडते. शिलिकॉन पातळ लावावे. जाड थर आतल्या बाजूला तुटून पंपाची जाळी बुजवतो, आणि गळती थांबली तरी इंजिन जाते. क्रँकवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर मिस्त्रीला ती दाखवायला सांगावी. त्या खाचेवर नवे सीलही गळते. ड्रेन नटचा वॉशर प्रत्येक ऑईल बदलाला नवा घ्यावा, आटे गेले असतील तर आवळत बसू नये.

"रोज थोडे घालतो, चालते," असे पुष्कळजण म्हणतात. हिशेब करू या. रोज अर्धा लिटर आणि महिन्याचे २५ दिवस म्हणजे साडेबारा लिटर. लिटरला ३०० रुपये धरले तर महिन्याला ३,७५० आणि वर्षाला ४५,००० रुपये रस्त्यावर सांडले! घरातल्या वहिनींनी वहीत एक पान राखावे: तारीख, किलोमीटर, किती ऑईल घातले. आकडा वाढत गेला की दुरुस्तीची वेळ आली हे वहीच सांगेल. थेंब पडत नाहीत, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि ऑईल मात्र कमी होते, तर ते गळत नसून जळते आहे.

ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागला तर पुढचा ढाबा, पुढचे गाव बघू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करावे. ऑईलविना काही मिनिटांत बेअरिंग धरते, क्रँक खराब होतो. मग घाटात थांबून गेलेले एक भाडे स्वस्त वाटते. गरम मॅनिफोल्डवर पडणारे ऑईल पेट घेऊ शकते, क्लचवर गेले तर क्लच घसरतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागते. तिथेही ओले इंजिन अडचणीचे ठरू शकते.

रस्त्यावर पडलेल्या त्या थेंबांवरून, विशेषतः पहिल्या पावसात, मागून येणाऱ्या दुचाकीवरचे कुटुंब घसरते. काढलेले जळके ऑईल गटारात ओतले तर ते नासर्डीतून गोदावरीला मिळते. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. डब्यात साठवून गॅरेजमार्फत द्यावे, आणि ऑईलचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

मिस्त्रीवर अविश्वास दाखवा असे आमचे म्हणणे नाही. चांगला मिस्त्री विचारल्याने रागावत नाही. "कुठून गळते ते दाखवा, मग खोला," एवढेच त्याला नम्रपणे सांगावे. गाडी आपली आहे, हप्ता आपण भरतो. खोलण्याआधी पाहण्याचा हक्कही आपलाच.