बेगमी म्हणजे साठेबाजी नव्हे!



हल्ली सुरतेतल्या आपल्या मराठी घरांत एक नवं शहाणपण ऐकू येतं. “किराणा भरून ठेवायचा जमाना गेला. मोबाइलवर बोट दाबा, दहा मिनिटांत डाळ दारात!” वर्षाचे गहू भरणारी सासू आता चेष्टेचा विषय झाली आहे. मला हे पटत नाही. का, ते हिशेबानं सांगतो.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यापाड्यांत गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही. माझ्या वाट्याला डांग आलं. पूर्णा, खापरी, अंबिका फुगल्या की फरशी पुलावरून पाणी जायचं आणि एसटी बंद. गावात दुकान एकच. दुकानदार सांगेल तो भाव. म्हणून मृगाआधीच तांदूळ, तूरडाळ, गूळ, चहा, रॉकेल, काड्यापेट्या, सगळं चार महिन्यांचं भरायचं. ही हौस नव्हती. तिथला आदिवासीही कणगीत नागली ठेवायचा. ज्याची कणगी देणी भागवण्यात सुगीलाच रिकामी व्हायची, तो ऐन पावसाळ्यात तेच धान्य चढ्या भावानं उधार आणायचा. माणूस कर्जात कसा जातो, ते मी तिथे पाहिलं.

“अहो, ते खेडं. सुरत शहर आहे!” बरं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि निम्म्याहून जास्त शहर पुराखाली गेलं, तेव्हा कुठली डाळ दारात येणार होती? २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद. विसरलात?

“पैसा अडकतो.” मीही बी. कॉम. आहे हो. बँकेला ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवावाच लागतो. त्यावर आज व्याजही मिळत नाही. त्याला कुणी मूर्खपणा म्हणत नाही. घरालाही तसा राखीव साठा हवा.

“ही साठेबाजीच की!” मुळीच नाही. साठेबाज टंचाईत माल दाबून ठेवतो, नफ्यासाठी. बेगमी करणारा आवक भरपूर असताना घेतो, खाण्यासाठी. आणि टंचाई आली की तो रांगेत उभा राहत नाही. लिंबायत-उधन्याच्या एका खोलीत राहणारा, रोजच्या मजुरीवर रोजचा शिधा आणणारा माणूस साठवू शकत नाही. ती त्याची चूक नाही. आपण आधी भरलं असेल, तर त्या दिवशी दुकानातलं त्याच्यासाठी उरेल. आणि गुडघाभर पाण्यातून आपली डाळ आणायला कुणाच्या पोराला दुचाकी काढावी लागणार नाही.

एक तक्रार मात्र रास्त आहे. निवडणं, वाळवणं, गव्हाला एरंडेल चोळणं, कुरडया-बिबड्या, सगळं बायकांच्याच अंगावर. सुना कंटाळल्या यात नवल नाही. पण त्यावर उपाय साठवण बंद करणं हा नाही. घरातल्या पुरुषांनीही परात पुढे ओढावी. निवृत्तांना तर वेळच वेळ आहे!

वर्षाचं जमत नसेल तर पावसाळ्याआधी निदान महिन्याचं भरा. डब्यावर तारीख लिहा, जुनं आधी संपवा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या बरण्यांना हसणं आधी बंद करा.