देणे कोणाचे, फेडायचे कोणी?

जनाजा उचलण्याआधी घरातला एखादा वडीलधारा पुढे येतो आणि जमलेल्या लोकांना विचारतो, "मरहूमकडे कोणाचे काही देणे निघत असेल तर सांगा, आम्ही देऊ. नाहीतर अल्लाहसाठी माफ करा." हे शब्द आपण सर्वांनीच ऐकले आहेत. कर्जाला आपल्या दीनमध्ये किती गांभीर्य आहे, हे त्यातून कळते. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. विरासत वाटण्याआधी कर्ज फेडावे, असा हुकूम सूरह निसामध्ये आहे. आणि फेडायचे ते मरहूमने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून. मालमत्ता पुरली नाही तर बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर बसत नाही. मुलाने पदरचे घालून फेडले तर ती त्याची नेकी.

सरकारच्या कर्जाचे मात्र उलटे असते. आज कर्ज काढणारे मंत्री उद्या खुर्चीवर नसतात. फेडणारे बहुधा आज मतदार नसतात. काहींचा तर जन्मही झालेला नसतो. म्हणूनच कर्ज वाढवणे सोपे आणि कमी करणे कठीण जाते. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने गेल्या काही वर्षांत हा धडा फार महागात घेतला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे तिथे राष्ट्राध्यक्ष झाले. कर कमी करण्याचे त्यांचे वचन होते आणि ते त्यांनी लगेच पाळले. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. पगारातून दरमहा कापला जाणारा आयकर बंद झाला. लोक खूश झाले. कोणाला नको असते सवलत? पण सरकारचे उत्पन्न घसरले आणि खर्च तेवढाच राहिला. त्यातच कोरोना आला, पर्यटन थांबले. पुढे तर सरकारी महसुलाचा निम्म्याहून कितीतरी मोठा हिस्सा नुसत्या व्याजात जाऊ लागला. सूद घर कसे पोखरते हे आपण जाणतो. इथे अख्खा देश पोखरला गेला.

२०२२ च्या मार्चमध्ये परदेशातून माल आणायला डॉलर उरले नव्हते. तेरा-तेरा तास वीज जाई. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागत. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. १२ एप्रिल रोजी सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले. १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर असे कधी घडले नव्हते. जुलैमध्ये लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि गोटाबाया देश सोडून गेले.

त्यांच्या जागी रानिल विक्रमसिंघे आले. आता कर्ज सावरायचे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली, पण अटी घालूनच. जो कर ८ टक्के केला होता तो आधी १२, मग १५ आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के झाला. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी वाढले. हिशेबाच्या वहीत फरक दिसला. सत्तर टक्क्यांच्या घरात गेलेली महागाई वर्षभरात एक आकडी झाली, रांगा संपल्या.

मग सप्टेंबर २०२४ मध्ये निवडणूक झाली. विक्रमसिंघे तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. त्यांना जेमतेम १७ टक्के मते मिळाली.

यावरून काही जण म्हणतात की लोक कृतघ्न असतात, त्यांना कडू औषध नको असते. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. खड्डा खणणाऱ्याला डोक्यावर घेतले आणि भरणाऱ्याला घरी पाठवले, हे खरे. सवलत दुकानात लगेच दिसते; टळलेले संकट कोणाला दिसत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. १८ टक्क्यांचा कर श्रीमंताच्या आणि मजुराच्या खरेदीवर सारखाच लागतो, पण मजुराच्या घरी तो ताटातला घास कमी करतो. देशांतर्गत कर्जाची फेररचना झाली तेव्हा झळ बसली ती कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला. बँकांना त्यातून वगळले गेले. ठेवीदार सुरक्षित राहावेत म्हणून, असे कारण सरकारने दिले. कारण खोटे नसेल, पण आयुष्यभर राबलेल्या माणसाला ते कसे पटावे? सवलती उपभोगल्या एकांनी आणि फेड आली दुसऱ्यांवर, हे लोकांना दिसत होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राजपक्षे बंधू आणि काही माजी अधिकाऱ्यांना या आर्थिक संकटासाठी जबाबदार धरले. त्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला, असा तो निकाल होता. आपल्या भाषेत सांगायचे तर अमानतीत खयानत. विशेष म्हणजे, विक्रमसिंघेंना हरवून आलेल्या अनुरा कुमारा दिसानायके यांनीही नाणेनिधीशी झालेला करार मोडला नाही आणि १८ टक्क्यांचा करही तसाच ठेवला. सरकार बदलले तरी देणे बदलत नाही.

आपल्या घराशी याचा संबंध काय? श्रीलंका देश आहे, महाराष्ट्र राज्य आहे. दोन्हींची तुलना सरसकट करता येणार नाही. पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आपल्या राज्यावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज दिला गेला. २०२४ च्या निवडणुकीत एका आघाडीने बहिणींना १५०० चे २१०० करू म्हटले, तर दुसरीने ३००० देऊ म्हटले. आम्ही त्या दीड हजारांच्या विरोधात नाही. कित्येक घरांत त्यातून औषधे येतात, मुलीची फी भरली जाते. गरिबाचा हक त्याला मिळायलाच हवा. पण बोली लावणाऱ्या दोघांपैकी कोणाला आपण विचारले का, की पैसा कुठून आणणार, कोणावर कर वाढवणार आणि कोणता खर्च थांबवणार?

घरात कर्ज झाले तर शहाणा कर्ता आधी स्वतःचा खर्च कमी करतो, मग मुलांना सांगतो. त्याने स्वतःसाठी नवी गाडी घेऊन मुलांचे दूध बंद केले तर कोणती मुले त्याचे ऐकतील? लोक कडू औषध घेतात. मात्र वैद्याने आधी चाखलेले त्यांना दिसावे लागते.

पुढच्या वेळी कोणी दारात मत मागायला आले की सवलतीबरोबर तिच्या फेडीचाही हिशेब मागू या. आपले देणे आपल्यामागे मुलांच्या मानेवर राहू नये, ही काळजी आपण जनाज्याच्या वेळी घेतो. ती मतदानाच्या दिवशीही घेऊ या.