रीत लिहा, नुसतं उत्तर नको

परवा सकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसले आणि तो तसाच गार झाला. आमच्या वाचनालयाची पुस्तकसूची तिथल्या लिनक्स संगणकावर आहे. गुडघ्यांमुळे रोज जिना चढवत नाही, म्हणून मी घरूनच एसएसएचने तिथे शिरते आणि सूचीची खिडकी माझ्या पडद्यावर उघडते. त्या दिवशी मात्र एकच ओळ : 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'.

नातवाला फोन केला. "आजी, 'एक्सहोस्ट प्लस' टाक, होऊन जाईल!" टाकलं. काही झालं नाही.

मग वही घेतली. ही खिडक्यांची व्यवस्था, एक्स विंडो सिस्टिम, एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ची. तिच्यात नावं उलटी वाटतात. माझ्यासमोरचा पडदा सांभाळतो तो सर्व्हर आणि दूरचा प्रोग्राम त्याचा ग्राहक. चित्र कुठे काढायचं, हा पत्ता त्या ग्राहकाला 'डिस्प्ले' नावाच्या चलातून मिळतो. एसएसएचला मोठ्या एक्सचा पर्याय दिला, की ते तिकडे हा पत्ता स्वतःच लिहून ठेवतं, बहुधा 'लोकलहोस्ट:१०.०' असा. मी तिकडे विचारून पाहिलं, तर उत्तर ':०'. म्हणजे वाचनालयातलाच पडदा! आणि तिथे तेव्हा कुणी लॉगिन केलेलं नव्हतं.

शोधता शोधता सापडलं. बॅशआरसी फाइलमध्ये तो पत्ता कुणीतरी कायमचा लिहून ठेवला होता. कुणीतरी म्हणजे मीच! मागच्या महिन्यात कुठला तरी उपाय न समजता उतरवून घेतला होता. ती ओळ पुसली, बाहेर पडून पुन्हा शिरले, खिडकी उघडली.

पण मला खरी धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. 'एक्सहोस्ट प्लस' म्हणजे पडद्याचा पहारेकरी घरी पाठवणं. त्यानंतर जो कुणी त्या पडद्यापर्यंत पोचेल, त्याला माझ्या खिडक्या दिसू शकतात, मी दाबलेली अक्षरंसुद्धा टिपता येतात. पासवर्डही त्यात आलाच. माझ्या दुखण्याशी त्या औषधाचा काही संबंध नव्हता. दार मात्र सताड उघडं राहिलं असतं. आठवणीनं 'एक्सहोस्ट मायनस' देऊन लावून घेतलं.

वर्गात गणिताचं उत्तर बरोबर असूनही रीत नसली, की मी गुण कापत असे. मुलं कुरकुरायची. आता वाटतं, तेव्हा जरा जास्तच कापायला हवे होते! चुकलेलं उत्तर निदान कळतं तरी. रीत न कळता बरोबर आलेलं उत्तर पुढच्या महिन्यात आपल्यालाच अडवतं.

नातवाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "आजी, मला किती गुण?"

दहापैकी तीन दिले. मलाही तेवढेच.